महिन्याला एक थेंब

ठिणगीसाठी करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पॉइंटच्या दोन चकत्या मसुरीच्या दाण्याएवढ्या असतात. उघडल्या की त्यांच्यात पोस्टकार्डाच्या जाडीहून किंचित जास्त फट राहते, आणि मिटल्या की मधे काहीही राहता कामा नये. दलेंदाने मोटारसायकलच्या इंजिनाच्या बाजूचं झाकण काढून, मान वाकडी करून पाहिलं तेव्हा दोन्ही चकत्यांच्या कडा चकचकीत होत्या आणि मधोमध तपकिरी डाग होता. नखाने तो निघाला नाही. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या चिंधीने पुसला, तर चिंधीवर कोऱ्या चहासारखा रंग उतरला. मग तिने चकत्यांमध्ये जाड कागदाची पट्टी धरून दोनदा ओढून घेतली, प्लग काढून सिलिंडरला टेकवला आणि किक मारली. ठिणगी निळी आणि जाड पडली.

"झाली का गं?" ओट्यावरून बाबांनी विचारलं. सी मख्लूफ, तिचे बाबा, मासे धरायचा खजुराच्या काड्यांचा सापळा मांडीवर घेऊन त्याचं तुटलेलं तोंड नव्याने बांधत होते. बोटं सापळ्यावर, नजर गाडीवर.

"झाली, बाबा."

"मागच्या वेळीही झाली होती."

"हो."

"त्याच्या मागच्या वेळीही."

"तुम्ही सापळा बांधा बघू," ती म्हणाली आणि तिलाच हसू आलं. म्हातारा सगळंच विसरत नव्हता. तिला टोचेल तेवढं बरोबर लक्षात ठेवत होता.

गाडी झेक बनावटीची, एका सिलिंडरची, दलेंदाहून दोन वर्षांनी लहान. मूळ रंग लाल होता. समुद्राच्या हवेने तो खाल्ला, तेव्हा सी मख्लूफनी होडी रंगवून उरलेला निळा रंग तिला दिला, आणि तेव्हापासून दर वर्षी होडीबरोबर गाडीलाही एक हात मारायची पद्धत पडली. आता तो रंग इतका जाड झाला होता की टाकीवर नखाची खूण उमटायची.

तिची तक्रार अशी होती: दारात एका किकेत उठायची. अल अताया गाव मागे पडेपर्यंत, शेवटच्या खजुरांपर्यंत, अगदी शहाण्यासारखी चालायची. पुढे सबखा लागायचा, मिठाने पांढरी पडलेली सपाट जमीन, झाड नाही की घर नाही. त्याच्या मध्यावर आली की मिसिंग सुरू. आधी एखादा ठोका चुकायचा, मग दोन, मग खोकल्यासारखे चार-पाच, आणि गप्प. थंड होऊ दिली की पुन्हा उठायची, पुन्हा थोडी चालून तेच. सबखाच्या पलीकडे सी मख्लूफांची होडी बांधलेली असे, आणि उथळ पाण्यात त्यांची शर्फिया. ओहोटीला मासा आपसूक सापळ्यात शिरावा म्हणून समुद्रात रोवलेलं ते खजुराच्या झावळ्यांचं कुंपण. समुद्राचा तेवढा तुकडा आजोबांपासून त्यांच्या घराचा. शरदात झावळ्या नव्याने रोवायच्या असतात, आणि त्या कामाला रोज जावं लागतं.

दलेंदा बेटावरच्याच रमला गावच्या शाळेत विज्ञान शिकवत असे आणि तिथेच दोन खोल्यांत एकटी राहत असे. एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळं होतं तसं ठेवा, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही, हे ती दर वर्षी नव्या वर्गाला फळ्यावर लिहून दाखवी. गाडीच्या बाबतीत तिने तसंच केलं. आधी प्लग बदलला. गाडी काही दिवस नीट चालली आणि पुन्हा सबखावर थांबली. मग प्लगची टोपी. पुन्हा तेच. आज कंडेन्सर.

तिची चूक तिच्या लक्षात आली नव्हती. दर वेळी नवा भाग बसवताना ती झाकण उघडून पॉइंटही पुसत होती, सहज, हात लागलाच आहे तर म्हणून. म्हणजे दर वेळी दोन गोष्टी बदलत होत्या आणि यश ती नव्या भागाला देत होती. कुणा मुलाच्या वहीत हे दिसलं असतं तर तिने लाल रेघ मारली असती.

*

कंडेन्सरही उपयोगी पडला नाही, तेव्हा ती गाडी रमलाला मोंजीच्या गॅरेजात घेऊन गेली. मोंजी आता पन्नाशीचा. बापाच्या हाताखाली याच गाडीवर पाना धरायला शिकलेला.

"आली का आमची नवरी परत?" तो गाडीच्या टाकीवर थाप मारत म्हणाला. "कितीदा सासरी पाठवली, दर वेळी माहेरी हजर. मॅडम, मला वाटतं दोष हिच्यात नाही, सासरच्यांत आहे."

"कॉईल तपासलीस का?"

"शाळेत पोरांना बोलू देता का हो कधी? आधी बघू तर द्या."

त्याने झाकण काढलं, आतून बोट फिरवलं आणि बोट तिच्यासमोर धरलं. बोटावर ओलसर चमक होती.

"तेल," मोंजी म्हणाला. "आता ऐका. क्रँकचं ऑइल सील गेलंय. गिअरचं तेल तिथून झिरपतं आणि पॉइंटवर उडतं. इंजिन थंड असताना तेल घट्ट, म्हणून दारात काही होत नाही. तापलं की पातळ होतं, मग करंट मरतो. म्हणून ही नेमकी सबखावर बंद पडते."

हे इतकं नीट बसत होतं की दलेंदाला बरं वाटलं. गावात का नाही, सबखावरच का. थंड झाल्यावर पुन्हा का उठते. सगळ्याला एकच उत्तर. असं उत्तर मिळालं की पुढे शोधायची इच्छा राहत नाही, हेही तिला माहीत होतं. पण त्या दिवशी तिला ते आठवायचं नव्हतं.

सील समुद्रापलीकडच्या स्फाक्स शहरातून यायचं होतं. वाऱ्यामुळे फेरीबोट सुटत नव्हती. सुटली तेव्हा ते आलं आणि मोंजीने बसवलं.

"आता ही तुमच्या वरातीतसुद्धा बंद पडणार नाही, मॅडम."

"माझ्या वरातीपर्यंत थांबायचं म्हटलं तर बिचारी गंजून मरेल."

मोंजी मोठ्याने हसला. मग चिंधीने हात पुसत बसला, स्वच्छ झाले तरी पुसत.

"एक सांगू का? राग नका मानू. मागे तुमचे बाबा, अम्म मख्लूफ, आले होते इथे. मला म्हणाले, तुझा बाप कुठाय?"

मोंजीचा बाप जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. तिरडीला खांदा देणाऱ्यांत सी मख्लूफ होते.

"मग?"

"मग काय. म्हटलं, बाहेर गेलेत, येतील. म्हणाले, आला की सांग, गाडी आणतोय." मोंजीने चिंधी बाकावर टाकली. "माझी जीभच वळली नाही हो दुसरं काही बोलायला."

"गाडी सारखी बंद पडते ना. त्याने माणूस गोंधळतो."

"हो, तसंच असणार," मोंजी म्हणाला. इतक्या पटकन आणि इतक्या आदराने म्हणाला की दलेंदाने मान वळवून गाडीकडे बघितलं.

*

सालेमने सांगितलेली गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती.

सालेम म्हणजे शर्फियातला बाबांचा भागीदार, त्यांच्याच वयाचा, दात गेलेला पण डोकं शाबूत. मोसमाच्या सुरुवातीला एका सकाळी बाबा होडीपाशी पोहोचलेच नाहीत. सालेम शोधायला निघाला, तर सबखाच्या मधोमध गाडी स्टँडवर लावलेली आणि शेजारी सी मख्लूफ उभे. ऊन चढलेलं, टोपी हातात.

"मला वाटलं, पुन्हा मिसिंग," सालेम तिला म्हणाला होता. "मी जाऊन किक मारली. एका किकेत उठली, पोरी. गाडीला काही झालेलं नव्हतं."

"मग थांबले कशाला?"

"तेच विचारलं. म्हटलं, अरे गाढवा, इथे काय करतोस? तर म्हणाला, रस्ता सरळ आहे ना, तो कुठल्या बाजूला सरळ आहे ते बघतोय."

सालेम हे सांगताना हसला होता. सांगून झाल्यावर त्याने आपली तपकीर काढली, आणि डबी उघडायला त्याला बराच वेळ लागला होता.

दलेंदाने भावाला फोनवर एवढंच सांगितलं, की गाडी बंद पडली आणि बाबा उन्हात अडकले. खोटं बोलायचं असं काही तिने ठरवलं नव्हतं. गाडी खरंच बंद पडायची. तेव्हा नव्हती पडली इतकंच. त्यानंतर बाबा कुठे चुकले, कुठे उशिरा पोहोचले, कुणाला भलत्याच नावाने हाक मारली, की तिच्या तोंडी एकच उत्तर येई. गाडी. गाडीने छळलंय त्यांना. आणि जोवर गाडीत दोष होता तोवर त्या उत्तरात काही खोटंही नव्हतं.

नौफेल, तिचा धाकटा भाऊ, स्फाक्सला बँकेत होता. रविवारी फोन करी.

"अजून किती दिवस त्या गाडीशी खेळणार आहेस?"

"खेळत नाहीये. सील बदललंय. आता नीट चालते."

"नीट चालते म्हणजे जास्तच काळजी. दलेंदा, ऐक. खोली तयार आहे. चौथा मजला, पण लिफ्ट आहे. डॉक्टर खाली रस्त्यावरच."

"खिडकीतून काय दिसतं?"

"काय दिसायचंय? समोरची खिडकी दिसते."

"त्या खिडकीतून काय दिसतं?"

"तू मास्तरीण आहेस म्हणून मला वर्गात उभं करू नकोस." तो चिडला होता, पण हसूही येत होतं त्याला. मग आवाज खाली आला. "हे बघ, त्यांना सांगणं तुला जमणार नाही, मलाही जमणार नाही. मग सांगायचंच कशाला? एक वायर काढून टाक. एक. त्यांना वाटेल, बिघडली. थोडे दिवस विचारतील, मग विसरतील. विसरतातच."

"गाडीचं एकदा मार्गी लागू दे," दलेंदा म्हणाली. "मग बोलू."

"बिघडली की म्हणतेस दुरुस्त झाल्यावर बोलू. दुरुस्त झाली की म्हणतेस थोडे दिवस बघू. तू गाडी दुरुस्त करतेयस की मला टाळतेयस?"

तिने जेवलास का म्हणून विचारलं. पुढच्याच आठवड्यात सालेमचा फोन आला. गाडी सबखावर पुन्हा खोकून गप्प झाली होती, आणि या वेळी खरोखरच झाली होती. त्याने आपल्या छोट्या ट्रकमागे दोरी बांधून ती घरी आणली. मागच्या गाडीवर बसलेले सी मख्लूफ वाटभर त्याला शिव्या देत होते, हळू चालव म्हणून.

*

शनिवारी शाळा सुटल्यावर ती पिशवी घेऊन अल अतायाला आली. दारात ऑक्टोपस वाळत घातले होते, दोरीवर, मोज्यांसारखे. बाबा झोपले होते. तिने स्वयंपाकघरातला स्टूल घेतला आणि झाकण उघडलं.

तोच डाग. आत तीच ओल. सील नवं, त्याच्या कडा कोरड्या. तिने बोट लावून पाहिलं. सीलभोवती काहीच नाही. ओल होती ती पॉइंटच्या आसपास, पॉइंटची उघडमीट करणाऱ्या फिरत्या कॅमच्या अंगावर आणि त्याला घासत राहणाऱ्या नमद्याच्या, दाबलेल्या लोकरीच्या, तुकड्यावर. तो तुकडा बोटाच्या पेराएवढा. कॅम कोरडा पडून झिजू नये म्हणून कारखान्यातच बसवलेला. तो इतका भिजलेला होता की दाबल्यावर थेंब आला.

तिने बोट नाकाशी नेलं. गिअरच्या तेलाला गंधकाचा वास असतो, जळकट, एकदा घेतला की विसरत नाही. हा वास तसा नव्हता. हा ओळखीचा होता, पण गाडीच्या बाजूने ओळखीचा नव्हता, म्हणून नाव लवकर सापडेना. शेवटी तिने विज्ञानाच्या शिक्षिकेने कधी करू नये ते केलं, बोट जिभेच्या टोकाला लावलं. आधी किंचित कडू, मग घशात बारीक ठसका.

ऑलिव्हचं तेल. त्यांच्याच घरचं, स्फाक्सच्या मामांकडून दर हिवाळ्यात डब्याने येणारं.

या घरात ते तेल कुठे नव्हतं? दाराच्या बिजागरीत, कुलपात, होडीच्या कप्पीत. बाबांच्या गुडघ्यांवर. लहानपणी कान दुखला की कोमट करून कानात. कुठलीही गोष्ट कुरकुरली की आधी तेल, मग विचार. सगळ्या बेटाचीच ती रीत. कुणी सांगितलं असतं की सी मख्लूफ गाडीलाही घालतात, तर तिला नवल वाटलं नसतं. पण झाकण बंद असतं. दोन स्क्रू असतात. आणि तेल वरून सांडलेलं नव्हतं, बरोबर जागेवर घातलेलं होतं. फक्त दहापट.

बाबा उठल्यावर तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी काहीतरी उत्तर दिलं असतं, आणि मग ते उत्तरच तिच्या डोळ्यांसमोर राहिलं असतं. तिला बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात रव्याची रोटी भाजत होती. खिडकीतून अंगण दिसत होतं. नमाज आटोपून बाबा बाहेर आले, खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावरून कानात घालायच्या औषधाची जुनी बाटली उचलली, तिथेच ठेवलेलं समुद्रपक्ष्याचं पीस घेतलं आणि गाडीपाशी उकिडवे बसले. खिशातलं नाणं काढून त्याच्या कडेने दोन्ही स्क्रू फिरवले. स्क्रू जमिनीवर ठेवले नाहीत, ओठांत धरले. पिसाचं टोक बाटलीत बुडवलं, बाटलीच्या तोंडाला निथळू दिलं आणि नमद्यावर एक थेंब सोडला. एकच. झाकण लावलं, स्क्रू बसवले, बाहीने पुसलं.

इतकं नेटकं काम तिने मोंजीच्या हातूनही पाहिलं नव्हतं. एक क्षण तिला अभिमान वाटला, आणि त्यामागोमाग हायसं वाटलं: एवढंच ना, मग त्यात काय.

ते आत आले. दोघांनी चहा घेतला. त्यांनी रोटी तेलात बुडवून खाल्ली, सालेमने गेल्या वर्षी आपलं जाळं कसं फाडलं ते सांगितलं, सांगताना हसले. मग पेला पालथा घालून उठले, बाहेर गेले, खिडकीच्या कट्ट्यावरची बाटली उचलली, पीस घेतलं आणि गाडीपाशी उकिडवे बसून खिशातलं नाणं काढलं.

दलेंदाच्या हातात दोन्ही पेले होते. ते तिने खाली ठेवले आणि ती बाहेर गेली.

"काय करताय, बाबा?"

"ये, बस." ओठांत स्क्रू असल्याने त्यांचं बोलणं चपटं येत होतं. ते काढून त्यांनी मुठीत धरले. "तुला शिकवलं होतं ना हे? की नौफेलला? हा नमदा बघ. याला तेल लागतं, नाहीतर कॅम पॉइंटला खातो. मोंजीच्या बापाने दाखवलं मला, गाडी नवी होती तेव्हा."

"कधी घालायचं?"

"नवा चंद्र दिसला की. महिन्याला एक थेंब. एकच हं." त्यांनी पीस तिच्यासमोर धरलं. "जास्त झालं तर उडतं पॉइंटवर. मग करंट मरतो, गाडी मिसिंग मारते. मोंजीला हे ठाऊक नाही. तो दुकानदार झालाय, नुसते भाग बदलतो."

"तुम्ही मागचा थेंब कधी घातलात?"

"मागच्या चंद्राला. अजून कधी?"

ते खात्रीने बोलले. आणि बोलता बोलता, आयुष्यभर समुद्राकडे बघणारी माणसं बघतात तसं, सवयीने त्यांनी मान वर केली. पश्चिमेला, शेजाऱ्यांच्या खजुरांच्या वर, अर्ध्याहून मोठा फिकट चंद्र होता. पौर्णिमा होऊन गेल्यावर सकाळी उरतो तसा.

पीस धरलेला हात तिथेच थांबला. पिसाच्या टोकाशी थेंब हळूहळू फुगत होता. बाबांनी चंद्राकडे पाहिलं, मग थेंबाकडे, मग ओल्या नमद्याकडे. दलेंदाने नजर वळवून पलीकडे दोरीवरच्या ऑक्टोपसकडे पाहत राहायचं ठरवलं. ती काही बोलली असती तर ते ओशाळले असते.

थेंब मातीत पडला.

"सालेम थांबला असेल," बाबा थोड्या वेळाने म्हणाले. आवाज बारीक होता. "तू बघतेस ना हिचं? मी टोपी आणतो."

*

तिने नमदा चिमट्याने काढून स्पिरिटमध्ये धुतला, पिळला, पुन्हा धुतला. तिसऱ्या वेळी स्पिरिट नितळ राहिलं. उन्हात वाळवून परत बसवला आणि त्यावर एक थेंब घातला. पॉइंट पुसले, फट मोजली, झाकण लावलं. प्लग, टोपी, कॉईल, कशालाही हात लावला नाही. या वेळी खरोखर एकच गोष्ट बदलली होती.

हात चालू असताना डोकं निराळंच काम करत होतं. बाटली उचलून पिशवीत टाकायची, एवढंच करायचं होतं. बाटली नसली की तेल नाही, तेल नसलं की मिसिंग नाही. गाडी सबखा ओलांडेल, होडीपर्यंत जाईल, होडीच्याही पुढे जाईल, पेट्रोल संपेपर्यंत जाईल, कुठल्याही बाजूला. आजवर ती अर्ध्या वाटेत मरत होती म्हणून बाबा सालेमच्या नजरेच्या टप्प्यात राहत होते. ज्या दोषाशी ती सगळा मोसम झगडली त्यानेच त्यांना राखलं होतं. दुसरा उपाय, बाटली होती तिथेच ठेवायची आणि काही कळलं नाही असं दाखवायचं. तिसरा, नौफेलची वायर. तिन्ही उपायांत एक सारखेपणा होता: बोलायचं काम गाडीने करायचं, आणि दलेंदाने तिच्या आड उभं राहायचं.

ती गाडीवर बसली. लहान मुलगी असताना बाबांनीच तिला याच अंगणात शिकवली होती, आईचा आरडाओरडा चालू असताना. एका किकेत उठली.

गाव मागे पडलं, खजूर संपले. सबखावर आल्यावर ती वेग न बदलता कान देऊन ऐकत राहिली. जिथे दर वेळी पहिला ठोका चुकायचा ती जागा गेली. जिथे गप्प व्हायची तीही गेली. इंजिन चांगलं तापलं होतं, पायाला धग लागत होती. ठोक्यामागून ठोका, एका अंतराने, एकही कमी नाही. आपण कशाची वाट बघतोय हे तिला तेव्हा कळलं. तिला एक चुकलेला ठोका हवा होता. एक चुकला असता तर मोंजीकडे जायचं होतं, कॉईल बदलायची होती, अजून एक महिना होता.

मध्यावर तिने गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवून खाली उतरली. पुढे रस्ता सरळ, पांढरा, टोकाला आकाश. मागे वळली, तर रस्ता सरळ, पांढरा, टोकाला आकाश. ती स्वतःभोवती एकदा पूर्ण फिरली आणि थांबली. क्षणभर दोन्हीकडे सारखंच होतं. मग सूर्य दिसला, वारा कुठल्या गालाला लागतोय ते जाणवलं, गाव कुठे ते तिला कळलं. तिला कळायला पापणी लवेपर्यंतही वेळ लागला नव्हता. ती तिथे उभी राहून तो वेळ लांबवून पाहत राहिली, एक मिनिट, दहा मिनिटं, ऊन चढून टोपी हातात येईपर्यंत. मग गाडीवर बसून परत फिरली.

बाबा दारात उभे होते. वेताची रुंद टोपी डोक्यावर, टोपली दोरीने बांधून तयार, खांद्यावर सापळा. तोंड धुतलेलं दिसत होतं. सकाळचं काही त्यांच्या चेहऱ्यावर उरलं नव्हतं, किंवा त्यांनी उरू दिलं नव्हतं. तिला ते ओळखता येईना.

"लांबूनच ऐकला आवाज," ते म्हणाले. "घड्याळासारखा. काय होतं?"

"तेल जास्त झालं होतं."

"मी मोंजीला सांगितलं होतं." त्यांनी सापळा टोपलीवर ठेवला आणि टाकीवरून हात फिरवला, घोड्याच्या मानेवरून फिरवावा तसा. "आता बंद नाही ना पडणार?"

"नाही पडणार."

"सबखावर?"

"सबखावरही नाही."

"शाबास, पोरी. नौफेल असता तर नवीच घ्या म्हणाला असता." ते हसले. मग त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला. तळवा मिठाने चिरलेला, रेघांमध्ये निळा रंग अडकलेला. हात स्थिर होता.

दलेंदाने गाडी बंद केली. किल्ली काढली. ती मुठीत धरली तेव्हा ती गरम होती. रस्त्यावरून कुणाचा तरी ट्रक गेला, आणि तो जाऊन पुन्हा शांत होईपर्यंत दोघंही तसेच उभे राहिले, बाबांचा हात पुढे, तिची मूठ मिटलेली.

"बाबा," ती म्हणाली, "गाडीत आता काही दोष नाही. तरीही आजपासून तुम्ही ती चालवायची नाही."